ईसीजीवरून हार्ट अटॅक ओळखणारं मॉडेल : ९९ टक्क्यांच्या पुढे काय?

प्रश्न : मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅगल या डेटासेटच्या वेबसाइटवरच्या पीटीबी या ईसीजी संग्रहावर हार्ट अटॅक ओळखणारं सीएनएन (एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क) मॉडेल केलंय, अ‍ॅक्युरसी ९९ टक्के येते. याच क्षेत्रात करिअर करायचंय. बाबा म्हणतात, ईसीजी वाचणं डॉक्टरांचं काम, तू सरळ आयटीत नोकरी धर. काय करू? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आधी त्या ९९ टक्क्यांबद्दल बोलू, कारण मुलाखतीत जाणकार माणूस पहिला हात तिथेच घालेल.

तुझ्या फाइलमध्ये १४,५५२ ओळी आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे हृदयाचा एक ठोका. पण मूळ पीटीबी संग्रहात माणसं फक्त २९०! म्हणजे एकेका माणसाचे कितीतरी ठोके त्यात आहेत. तू ८० टक्के ठोके ट्रेनिंगला (शिकवायला) आणि २० टक्के टेस्टला (तपासायला) अशी सरमिसळ विभागणी केली असशील, तर एकाच रुग्णाचे काही ठोके ट्रेनिंगमध्ये गेले आणि काही टेस्टमध्ये. मग नेटवर्क आजार शिकलं की त्या माणसाच्या ठोक्याची ठेवण लक्षात ठेवली, हे कळायला मार्ग नाही. फाइलमध्ये रुग्णाचा क्रमांकच नसल्यामुळे तिथल्या तिथे हे दुरुस्तही करता येत नाही. शिवाय १०,५०६ ठोके दोष असलेले आणि ४,०४६ नॉर्मल आहेत. डोळे मिटून सगळ्यांना 'दोष' म्हटलं तरी अ‍ॅक्युरसी ७२ टक्के येते.

त्याहून मोठी अडचण वैद्यकीय आहे. ती फाइल एकाच लीडची, लीड दोनची आहे. (लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक दिशेने पाहणारी ईसीजीची रेघ.) लीड दोन, तीन आणि एव्हीएफ हृदयाच्या खालच्या भिंतीकडे पाहतात. पुढच्या भिंतीचा अटॅक छातीवरच्या व्ही१ ते व्ही४ या लीडमध्ये दिसतो, तो या फाइलमध्ये थेट दिसणारच नाही. आणि प्रत्येक ठोक्याची उंची ० ते १ मध्ये बसवून टाकलेली (नॉर्मलाइझ केलेली) आहे. डॉक्टर तर एसटी सेगमेंट (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेघेचा तुकडा) किती मिलिमीटर वर उचललाय, ते मोजतात. शेजारच्या दोन लीडमध्ये १ मिमी पुरतो, पण व्ही२-व्ही३ मध्ये चाळिशीपुढच्या पुरुषाला २, चाळिशीच्या आतल्या पुरुषाला २.५ आणि स्त्रीला १.५ मिमी लागतो. (कागदावरचा १ मिमी म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट.) नॉर्मलायझेशनमध्ये नेमकं हेच माप पुसलं गेलंय.

म्हणून पुढचं काम पीटीबी-एक्सएल या संग्रहावर कर. तो फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यात १८,८६९ रुग्णांच्या २१,७९९ नोंदी आहेत, प्रत्येक १२ लीडची आणि १० सेकंदांची. सुरुवातीला १०० हर्ट्झची (सेकंदाला १०० मापांची) आवृत्ती घे. एका नोंदीचा इनपुट १२ × १००० होतो, तो साध्या जीपीयूवरही चालतो. संग्रहाचे दहा भाग आधीच पाडून दिलेत आणि एका रुग्णाच्या सगळ्या नोंदी एकाच भागात ठेवल्यात. १ ते ८ ट्रेनिंगला, ९ व्हॅलिडेशनला, १० टेस्टला. दहाव्या भागाला शेवटपर्यंत हात लावू नकोस. मोठं आर्किटेक्चर शोधत बसू नकोस, आठ-दहा थरांचं वन-डी रेसनेट (सीएनएनचाच एक प्रकार) पुरे. आकडा ९९ वरून खाली येईल. येऊ दे, तो खरा असेल.

फिल्टर लावताना जप. श्वासामुळे रेघ वरखाली होते, म्हणून विद्यार्थी सरसकट ०.५ हर्ट्झचा हाय-पास (त्याहून संथ चढउतार काढून टाकणारा फिल्टर) लावतात. साधा एकाच दिशेने चालवलेला असा फिल्टर एसटी सेगमेंट वाकवतो आणि नसलेला अटॅक दाखवू शकतो किंवा असलेला लपवू शकतो. निदानाच्या ईसीजीसाठी ही मर्यादा ०.०५ हर्ट्झ ठेवतात. जास्त ठेवायचीच असेल तर फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालव, म्हणजे फेज (लहरींचा वेळेतला मेळ) बिघडत नाही. फिल्टरच्या आधीची आणि नंतरची रेघ एकावर एक काढून डोळ्यांनी बघ.

आणखी एक गोष्ट निकाल लिहिताना विसरू नकोस. या संग्रहातल्या 'एमआय' (हार्ट अटॅक) लेबलमध्ये जुने, भरून आलेले अटॅकही आहेत. त्यामुळे 'आत्ता चालू असलेला अटॅक ओळखतो' असा दावा तुला करता येणार नाही. त्यासाठी लेबल अँजिओग्राफी आणि ट्रोपोनिनच्या रक्तचाचणीवरून ठरलेलं लागतं.

अ‍ॅक्युरसीऐवजी सेन्सिटिव्हिटी (अटॅक असलेल्यांपैकी किती पकडले), स्पेसिफिसिटी (अटॅक नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) आणि इशाऱ्यांपैकी खरे किती, हे सांग. समज, छातीत दुखतं म्हणून आलेल्या १,००० जणांत ५० जणांना अटॅक आहे आणि पहिली दोन्ही मापं ९० टक्के आहेत. मॉडेल ४५ जणांना पकडेल, ५ निसटतील, आणि अटॅक नसलेल्या ९५ जणांवरही इशारा देईल. १४० इशाऱ्यांत खरे ४५, म्हणजे तिसराही हिस्सा नाही. हा हिशेब तोंडपाठ असलेला इंजिनीअर कंपन्यांना हवा असतो.

आता बाबांचं म्हणणं. निर्णय डॉक्टरांचाच, हे त्यांचं बरोबर आहे. पण रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघून वाचला जायला हवा, आणि तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता हृदयरोगतज्ज्ञ कुठून आणायचा? तिथे ईसीजी योग्य डॉक्टरपर्यंत आधी पोचवणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे. मिलिमीटरच्या नियमांतून निसटणारे अटॅकही असतात. मागच्या भिंतीचा अटॅक व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी उचलत नाही, उलट खाली दाबतो. चांगल्या लेबलांवर शिकलेलं नेटवर्क अशा ठिकाणी उपयोगी पडू शकतं, आणि हे काम मला फार मोलाचं वाटतं.

त्यासाठी ईसीजी तुला वाचता यायला हवा. जवळच्या रुग्णालयात परवानगी काढून ईसीजी टेक्निशियनच्या शेजारी काही दिवस उभी राहा. दोन्ही हातांच्या वायरी उलट लागल्या की लीड एक उलटी येते, हे बघ. व्ही१-व्ही२ चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधे लावायचे असतात. घाईत ते वर लागले की जुन्या अटॅकसारखी रेघ उमटते. डाव्या बंडल ब्रँचचा ब्लॉक (हृदयातल्या विद्युत वाटेतला अडथळा), जाड झालेली डावी जवनिका (हृदयाचा डावा खालचा कप्पा), पेरिकार्डायटिस (हृदयाच्या आवरणाची सूज) यांतही एसटी उचललेला दिसतो. मॉडेलचे चुकलेले शंभर ईसीजी काढून त्यांत यातलं काय आहे ते तपास. तो तक्ता रिपोर्टमध्ये घातलास तर प्रोजेक्टला खरं वजन येईल.

शिक्षणाचं म्हणशील तर गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा दे. ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) किंवा बायोमेडिकल, यांपैकी तयारी असेल तो पेपर निवड, पण ज्या संस्थेत जायचंय तिला कोणता चालतो ते माहितीपत्रकात आधी पाहा. आयआयटी मुंबईत बायोमेडिकल इंजिनीअरिंगचं एम.टेक. आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनीअरिंग शिकवतात, तिथे रुग्णालयाशी थेट संबंध येतो. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ वाचून ठेव. १ एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअरही उपकरणांतच मोडतं, त्यामुळे व्हॅलिडेशन आणि परवान्याच्या कामालाही माणसं लागतात. अशा नोकऱ्या सोलापुरात फारशा नाहीत, बेंगळुरू किंवा पुण्याची तयारी ठेव.

कॅम्पसमध्ये आयटीची नोकरी मिळाली तर ती नाकारायची गरज नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. नोकरी धरून पीटीबी-एक्सएलचं काम पुरं कर, कोड आणि चुकांचा तक्ता खुला ठेव, आणि मग एम.टेक.ला अर्ज कर. बाबांनाही हा बेत पटायला हरकत नसावी.