स्टॅमिना म्हणजे नेमकं काय? ताकद आणि स्टॅमिना एकच का?

नाही, एकच नाही. ताकद म्हणजे एका झटक्यात किती जोर लावता येतो ते, आणि स्टॅमिना म्हणजे जोर किती वेळ पुरवून वापरता येतो ते. मराठीत दम, दमसास म्हणतोच आपण, पण मला 'तग धरणं' जास्त पटतं, कारण त्यात धापा टाकत का होईना पण टिकून राहणं आलं.

प्राण्यांत बघा ना. चित्ता ताशी 100 किमीच्या आसपास पळतो पण काहीशे मीटरमध्येच त्याचा खेळ संपतो, मग शिकार हातची गेली तरी बसून धापा टाकतो. आणि दुसरीकडे बार-टेल्ड गॉडविट नावाचा पाणथळीतला पक्षी, 2022 साली त्याचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्कातून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरलं, 13,560 किमी, 11 दिवस, मध्ये कुठे खाणं नाही पाणी नाही. हे वाचलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो होतो. पण ते नुसत्या जिद्दीवर होत नाही, निघायच्या आधी हे पक्षी अंगावर भरपूर चरबी चढवतात आणि पोट-आतडी वगैरे लहान करून घेतात, म्हणजे वाटेत जे लागणार नाही त्याचं वजनच नको.

आपल्या स्नायूंतही दोन तऱ्हेचे तंतू असतात, काही झटकन जोर लावून लवकर थकणारे आणि काही सावकाश पण तासनतास चालणारे. दुसऱ्या प्रकारात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली इवलीशी ऊर्जाघरं, जास्त असतात, ती ऑक्सिजन वापरून सतत ऊर्जा बनवत राहतात. नियमित चाललं-पळलं की हे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. म्हणून स्टॅमिना वाढवता येतो, फक्त घाई चालत नाही. मी पळायला सुरुवात केली तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला बरगडीखाली कळ यायची, चूक एवढीच होती की पहिल्या पावलापासून जीव तोडून पळायचो. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायला लागलो तेव्हा कुठे अंतर वाढलं.

स्टॅमिना म्हणजे न थांबणं असं लोकांना वाटतं ते मात्र मला अजिबात पटत नाही. हृदयाचंच घ्या, दिवसाला साधारण एक लाख ठोके, जन्मभर, याच्याहून जास्त दम कुणाचा असेल? पण शांत बसलेलो असताना ते जितका वेळ आकुंचन पावतं त्याहून जास्त वेळ प्रत्येक ठोक्यात सैल पडलेलं असतं, त्याच वेळात ते परत रक्ताने भरतं आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही बरंचसं रक्त तेव्हाच मिळतं. म्हणजे विश्रांती त्या कामातच आली, वेगळी काढावी लागत नाही.

रोजच्या जगण्यातला स्टॅमिना मी आईकडे पाहिला. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची, रात्रीसुद्धा. आई अंगाने किरकोळ, तिच्याच्याने जड पिशवी उचलवत नाही, पण आधी आजीचा गुडघा वाकवायची, मग खांद्यामागे हात घालून 'हं, आता वळा' म्हणत आपलं सगळं वजन मागे टाकायची की आजी अलगद वळायची. मी एक आठवडा रात्रपाळी केली आणि चौथ्या दिवशी चिडचिड करायला लागलो, कारण दिवसाही मी जागाच राहायचो. आईचं तसं नव्हतं, आजीला डोळा लागला की तीही तिथेच खुर्चीत मान टेकवून झोपायची, वीस मिनिटं तर वीस मिनिटं, घरात कितीही पसारा पडलेला असो.