हजर होतीस ना?

बाळ,

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. राज्य स्पर्धेत ८०० मीटरला पहिली आलीस, स्वतःचं टायमिंग दोन सेकंदांनी सुधारलंस, आणि लिहितेस काय? ‘सर, माझ्याहून चांगलं टायमिंग असलेली ती मुलगी कॅम्पला होती, आलीच नाही, म्हणून मला मिळालं. हे पदक माझं वाटतच नाही. नॅशनलला जाऊ की नको?’

आधी वाईट वाटलं, मग राग आला. ज्यांनी हे तुझ्या डोक्यात भरवलं त्यांचा. थोडा तुझाही.

नॉर्वे म्हटलं की तुम्हा पोरांना धावपटू याकोब इंगेब्रिग्टसेन आठवतो. त्याच्या आधी तिथे व्हेब्यर्न रोडाल होऊन गेला. १९७२ चा जन्म, बर्कोक नावाच्या लहानशा गावातला. सगळा देश स्कीवर वेडा, आणि हा ८०० मीटर पळणार! १९९४ ला हेलसिंकीत युरोपियन स्पर्धेत रौप्य. १९९५ ला गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. तिथलं सोनं नेलं विल्सन किपकेटरनं. मूळ केनियाचा, शिकायला डेन्मार्कला गेला आणि त्यांच्याकडून पळायला लागला. त्याच्या जवळपास फिरकणारा तेव्हा कुणी नव्हता.

मग अटलांटा, १९९६. किपकेटर नाही. जागतिक स्पर्धेत डेन्मार्ककडून पळता आलं, पण ऑलिंपिकला नागरिकत्व लागतं, आणि ते त्याला अजून मिळालं नव्हतं. कागदावर अडला बिचारा. ३१ जुलैच्या फायनलला रोडाल रेषेवर उभा राहिला, तेव्हा कोण आलेलं नाही हे त्याला ठाऊक नसेल असं वाटतं तुला?

त्यानं १:४२.५८, म्हणजे एक मिनिट ४२.५८ सेकंद काढलं. ब्राझीलच्या जोआकिम क्रूझचा १९८४ पासूनचा १:४३.०० चा ऑलिंपिक विक्रम मोडला. मागोमाग दक्षिण आफ्रिकेचा सेपेंग १:४२.७४, केनियाचा ओन्यांचा १:४२.७९, आणि क्यूबाचा तेयेझ १:४२.८५. तेयेझ चौथा, म्हणजे जुन्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा जोरात पळूनही हात रिकामे. पहिल्या आणि चौथ्यात सेकंदाचे सत्तावीस शतांश. हे आकडे पुन्हा वाच. शेवटच्या शंभर मीटरला मांड्या दगड झालेल्या असतात, हात खांद्यापासून सुटल्यासारखे होतात, कानाशी तीन जणांचा श्वास. त्या वेळी ‘किपकेटर असता तर’ हा विचार कुणाच्या डोक्यात मावेल? शर्यत हजर असलेल्यांची असते.

लोक गप्प बसले नाहीतच. महिनाभरात किपकेटरनं इटलीत रिएतीला १:४१.८३ काढलं, पुढच्या वर्षी १:४१.११ चा विश्वविक्रम केला. रोडाल पुन्हा कधी १:४२.५८ च्या आत आला नाही. झालं, बोलणाऱ्यांना आयतं कोलीत. लग्नात जेवायला बसून कोण आलं नाही याची यादी करणारे असतात ना, तसली माणसं.

आता पुढचं ऐक. २००० ला सिडनीत किपकेटर आला. डेन्मार्कचा नागरिक, विश्वविक्रमवीर, अंगात ताकद. जिंकला कोण? जर्मनीचा निल्स शूमान, १:४५.०८. किपकेटर १:४५.१४, सहा शतांशांनी दुसरा. शूमानच्या सोन्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण किपकेटर समोर होता. आणि रोडाल त्याहून अडीच सेकंद आधी पोचला होता, त्याचं मात्र ‘तसंच मिळालेलं’! अटलांटात किपकेटर असता तर कदाचित तोच जिंकला असता, मी नाही म्हणत नाही. पण ‘असता तर’ला चेस्ट नंबर मिळत नाही. रोडालचा ऑलिंपिक विक्रम २०१२ ला लंडनमध्ये केनियाचा रुडिशा १:४०.९१ पळेपर्यंत टिकला. सोळा वर्षं! कुणाच्या गैरहजेरीनं विक्रम टिकत नसतात.

मी एवढा का चिडतो, तेही सांगून टाकतो. कॉलेजात असताना आंतरविद्यापीठ स्पर्धेत मी पंधराशे मीटरला पहिला आलो. जिंकणार असं सगळे ज्याला म्हणत होते तो तापानं फणफणला होता, आलाच नाही. त्या पदकावर मला स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली. पुढे कितीतरी वर्षं कुणी काही म्हणायच्या आत मीच म्हणायचो, ‘अहो, तो आजारी होता म्हणून.’ नम्रपणा वाटायचा लोकांना. नम्रपणा कसला, भित्रेपणा होता तो. वडील ते पदक पाहुण्यांना दाखवायचे आणि मी त्यांच्यासमोर हेच वाक्य म्हणायचो. ते गेले, तेव्हापासून ते वाक्य माझ्या घशात अडकलंय. ताप मी आणला होता का त्याला? पहाटे साडेचारला कोण उठत होतं? पुढच्या वर्षी तो आला आणि मी चौथा आलो, हेही खरं. येईना का! आदल्या वर्षीचं त्यानं परत नेलं का? नोकरी मी फुकटात घेतलेली नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. तुला जरा जास्तच जोरात सांगतोय, कळतंय मला.

तर, हजर होतीस ना? शर्यतीआधी कॉल रूममध्ये नंबर लावून बसलीस, पहिल्या वळणानंतर आतल्या लेनमध्ये येताना धक्का खाल्लास तरी सावरलीस, शेवटच्या फेरीच्या बेलला तिसरी होतीस, तिथून पुढे गेलीस. व्हिडिओ पाहिलाय मी, चारदा पाहिलाय. शेवटच्या दीडशेला तू डावीकडे वळून बघतेस, ती सवय आधी मोड. तिथे तीन दशांश जातात. चर्चा करायची तर याची करू.

नॅशनलला ती असेल. तुला मागेही टाकेल, तिचं टायमिंग तुझ्याहून चांगलं आहे. म्हणून राज्याचं पदक परत करायचं आहे का तुला? एंट्रीची तारीख जवळ आलीय, उद्याच फॉर्म भर. या आठवड्यात एकच दिवस ३०० मीटर चारदा पळ, मधे पूर्ण विश्रांती. आणि मला टायमिंग कळवताना ‘दोन-नऊच्या आसपास’ असं लिहू नकोस, शतांशासकट लिही.

तुझा,
सर