ट्रॅक्टरची अवजारं ठेवायला लाकडी शेड बांधतोय. खांब थेट मातीत गाडले तर चालतील का?

नाही, साधं लाकूड थेट मातीत गाडू नका. खांब कुजतो तो खोल तळाशी नव्हे, जमिनीच्या पातळीला, वीतभर वर-खाली. ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. वरून खांब ठणठणीत दिसतो, स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत भुसा. त्यापेक्षा ४५ × ४५ सेंमीचा, ६० सेंमी खोल काँक्रीटचा पाया घ्या, तो जमिनीवर १५ सेंमी काढा, ओल्या काँक्रीटमध्येच यू आकाराची गॅल्व्हनाइज्ड पट्टी बसवा आणि खांब १२ मिमीच्या दोन आरपार बोल्टांनी आवळा. खिळे नकोत: पुढून उघड्या शेडमध्ये वारा शिरला की तो छप्पर वर उचलतो आणि खिळे उपसून येतात. खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार हवेतच.

गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, रोटाव्हेटरच्या (माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) रुंदीवर ठरवू नका. ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन अवजार सोडायचं असतं, त्यामुळे दोन खांबांत किमान ३ मीटर मोकळं ठेवा.

प्रेशर ट्रीटमेंट केलेलं (दाबाखाली कुजरोधक औषध आत मुरवलेलं), जमिनीत गाडण्याच्या दर्जाचं लाकूड असेल तर गाडता येतं. फक्त कापलेलं टोक वर ठेवा आणि तळाशी खडी घाला.