‘वकील लावला तर डॉक्टर चिडतील ना?’

ताईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती. आत भावाच्या अकरा वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं होतं, पण त्यावर टक्के ३०, आणि बहुतेक सवलती सुरू होतात ४० टक्क्यांपासून. मी म्हटलं होतं, वकिलांची मदत घेऊ या. तर त्यांचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

अशा घरांमधून हा प्रश्न मला सारखा येतो. त्यातली पैशांची काळजी लवकर मिटते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला, आणि कोणत्याही स्त्रीलाही, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. पण आपण भांडखोर ठरू, ही भीती अशी कलम सांगून जात नाही.

मी विचारलं, “तपासणीच्या दिवशी काय झालं?”

“सकाळी मीच त्याची दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी विचारलं, स्वतःचं स्वतः करता का? तो म्हणाला, हो, सगळं करतो. मी गप्प बसले. तो खोटं नाही बोलला हो, त्याला तसंच वाटतं.”

मानसिक आजारात टक्के ठरवताना स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी पाहतात. शिवाय आजार किती वर्षांचा आहे ते. हे सगळं दिसतं घरात. दहा मिनिटांच्या तपासणीत ते कुणीतरी सांगावं लागतं.

प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत कायद्याचं नावही काढलं नाही. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं? एकटा दुकानात शेवटचा कधी गेला? नोकरी का सुटली? ‘रोज लिहा,’ म्हणाल्या. ताईंनी पंधरा दिवस लिहिलं. एक नोंद अशी: ‘मंगळवार. ताट समोर ठेवलं. पाऊण तास तसाच बसून. भरवल्यावर जेवला.’ ही ओळ मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज गेला. अकरा वर्षांत हे त्या पहिल्यांदा कुणाला सांगत होत्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ खाली प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं. ते केलं. त्यात डॉक्टरांविरुद्ध एक शब्द नव्हता. वही, चिठ्ठ्या आणि नोकरी सुटल्याचं पत्र तारखांनुसार लावलेलं होतं. माझं तर मत आहे की वकिलाकडे पहिला अर्ज भरण्याआधीच जावं. मात्र ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. टक्के डॉक्टरच ठरवतात.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. “मॅडम, या वेळी दाढी करू नको का?”

“त्याला विचारा. हवी असेल तर करा. पण कुणी केली, ते आत सांगा.”

त्याला हवी होती. आत गेल्यावर ताईंनी आधी तेच सांगितलं, मग वही उघडली. नव्या प्रमाणपत्रावरचा आकडा ४० च्या पुढे आहे.