फुगीर काचेला ‘अंतर्वक्र’ कसे म्हणावे?

पुण्यातील सदाशिव पेठेतून एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या चष्म्याचा नंबर उणे तीन असल्यामुळे भिंग अंतर्वक्र असायला हवे, पण बोट फिरवले तर काच बाहेरून चांगली फुगीर लागते. तेव्हा शब्द चुकला की काच? ‘अंतर्गोल’ आणि ‘अंतर्वक्र’ यांतला कोणता शब्द वापरावा, हेही त्यांना हवे आहे.

शब्द चुकलेला नाही, मात्र तो अर्धीच हकीकत सांगतो. ‘अंतर्वक्र’ आणि ‘बहिर्वक्र’ ही मुळात पृष्ठभागाची विशेषणे आहेत आणि भिंगाला पृष्ठभाग दोन असतात. हल्लीच्या बहुतेक चष्म्यांत, नंबर अधिक असो वा उणे, भिंगाची पुढची बाजू फुगीर आणि डोळ्याकडची खोलगट असते. पुढच्या फुगवट्यापेक्षा मागचा खोलगटपणा जास्त असला, की भिंग मध्यभागी पातळ व कडेला जाड होते आणि किरणांना फाकवते. फुगवटा वरचढ ठरला, तर तेच मध्यभागी जाड होऊन किरणांना एकवटते. म्हणून आकाराऐवजी काम सांगायचे असेल, तर ‘अपसारी’ आणि ‘अभिसारी’ हे शब्द मला अधिक नेमके वाटतात. पाण्यातला हवेचा बुडबुडा दोन्ही बाजूंनी फुगीर असूनही किरणांना फाकवतो. तेथे आकारावरून नाव देणारा हमखास फसतो.

घरातल्या ज्येष्ठांचा अधिक दोनचा वाचायचा चष्मा खिडकीसमोरच्या भिंतीपासून सुमारे अर्ध्या मीटरवर धरावा. गजांसकट सगळी खिडकी भिंतीवर उलटी उमटते. त्याच जागी उणे तीनचा चष्मा धरला, तर भिंतीवर काचेची नुसती सावली पडते आणि तिच्याभोवती उजळ कड दिसते, कारण मधला उजेड बाहेर ढकलला गेलेला असतो.

‘गोल’ की ‘वक्र’ याबाबत माझा कौल ‘वक्र’ला आहे. ‘अंतर्गोल’ म्हटले की पृष्ठभाग गोलाचा तुकडा आहे, असे गृहीत धरले जाते. पण ज्यांना चष्म्याच्या दुकानात ‘सिलिंडरचा नंबर’ सांगतात, त्यांच्या भिंगाची वक्रता एका दिशेला कमी आणि तिला काटकोनातल्या दिशेला जास्त असते. त्याला गोल म्हणणे कठीण. आरशांच्या बाबतीत ‘अंतर्गोल’ इतका रुळला आहे की तो बदलण्याचा हट्ट मी धरणार नाही.

किरण ज्या बिंदूत एकवटतात किंवा ज्यातून फाकल्यासारखे वाटतात, त्या बिंदूसाठीचा ‘नाभी’ हा शब्द मात्र फार चपखल आहे. संस्कृतात रथाच्या चाकाच्या मध्यालाही नाभीच म्हणतात. आरे तेथे एकवटतात असे म्हणा किंवा तेथून फाकतात असे म्हणा, चाक तेच. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या भिंगांना हा एकच शब्द पुरतो. नंबराने १ ला भागले की नाभीय अंतर मीटरमध्ये मिळते. त्या हिशोबाने दूरवरून येणारे किरण या वाचकांच्या चष्म्यातून बाहेर पडताना, काचेच्या पुढे सुमारे ३३ सेंटीमीटरवरच्या एका बिंदूतून निघाल्यासारखे फाकतात.