शाळेतल्या क्लार्क-शिपायांनी वेगळी संघटना काढून काही उपयोग होतो का?

होतो. तुमचा प्रश्न एवढाच असता तर वाचून पुढे गेलो असतो. अडलो ते शेवटच्या ओळीपाशी. बेळगाव तालुक्यातल्या अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये तुम्ही क्लार्क आहात, ऑफिसात तुम्ही आणि दोन शिपाई, संघटनेची नोंदणी कशी करायची हे तुम्हाला हवंय. आणि खाली हळूच लिहिलंय, "कानडी शाळांतला स्टाफ सोबत घ्यावा, की आपली मराठी माणसांची वेगळीच बरी?" याच प्रश्नावरून माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी माझं बरेच महिने धड बोलणं नव्हतं. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मी खानापूर तालुक्यात एका अनुदानित शाळेत एसडीए, म्हणजे क्लार्कच आहे. 2023 च्या जूनपासून वर्षभर आमच्याकडच्या क्लार्क-शिपायांच्या संघटनेचं सेक्रेटरीपद माझ्याकडे होतं. पगार कुणाचा का अडला, एचआरएमएसला (सरकारी पगाराच्या ऑनलाइन यंत्रणेला) बिल का चढलं नाही, सर्व्हिस बुकात इन्क्रिमेंटची नोंद का नाही, ही कामं रोजचीच. ती तुम्हाला मी सांगायला नको.

नोंदणीचं उरकून टाकतो. दोन वाटा. एक 1960 च्या सोसायटी कायद्याची, ती सहकार खात्याकडे जाते आणि सोपी पडते. दुसरी ट्रेड युनियनची, पूर्वी 1926 च्या कायद्याखाली, नोव्हेंबर 2025 पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेखाली, ती कामगार खात्याकडे. तिथं अर्जावर किमान सात सह्या लागतात, नियमावली लागते, आणि मग दरवर्षी हिशेबाचं रिटर्न भरावं लागतं. बहुतेक जण पहिल्या वाटेनं जातात, हळदीकुंकू आणि निरोप समारंभ करत बसतात. तुम्ही दुसरी धरा. तिघांत सात सह्या होत नाहीत, म्हणजे शेजारच्या शाळांकडे जावंच लागणार. तिथेच तुमचा खरा प्रश्न सुरू होतो.

कुणीतरी सांगेल, शिक्षक संघटना आहेच की, तिच्यातच जा. जाऊ नका. मी गेलोय. बढती, बदली, पेन्शन, मूल्यमापनाचा भत्ता एवढं सगळं झालं की आमचा विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये, आणि तोवर निम्मे लोक बसला गेलेले. त्यांचं चुकतं असंही नाही, त्यांचे प्रश्न वेगळे. कायदाही वेगळाच धरतो. 1978 च्या बेंगळुरू पाणीपुरवठ्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं कामगार कायद्यापुरत्या शिक्षणसंस्था उद्योगात धरल्या. मग 1988 मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं की शाळा उद्योग असली तरी शिक्षक 'कामगार' नव्हे. क्लार्क-शिपायांना त्या कायद्याखाली ती अडचण नव्हती. ग्रॅच्युइटीचंही, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचंही, तसंच. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या शिक्षणसंस्थांना ती 1997 च्या अधिसूचनेनं लागू झाली, पण शिक्षकांना 2009 च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. आपल्याला नाही. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही आमच्या संस्थेतल्या शिपाई मावशीचं प्रकरण अंगावर येईपर्यंत माहीत नव्हतं.

मावशी आमच्याच संस्थेच्या विनाअनुदानित इंग्रजी माध्यम विभागात होती. (मराठीसाठी जीव देणाऱ्या संस्थेला इंग्रजी माध्यम कशाला लागतं, हे मला विचारू नका. फी.) बारा वर्षं झाडलोट, घंटा, पाणी, टपाल, लहान पोरांचं आवरणं, सगळं केलं. नेमणुकीचा कागद नाही, पगार व्हाउचरवर, शेवटचा 6,500 रुपये. पीएफला 20 माणसं लागतात म्हणून मस्टरवर 19. एका मार्चअखेर तिला सांगितलं, सफाईला एजन्सीची माणसं येणार, जूनपासून येऊ नको. ती माझ्याकडे आली ती भांडायला नव्हे. पुढच्या वर्षी नातवाची फी माफ होईल का, एवढं विचारायला आली होती.

हिशेब सोपा आहे. शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26, गुणिले वर्षं. म्हणजे वर्षाला 3,750, बारा वर्षांचे 45,000. आधी संस्थेला अर्ज, संस्थेनं दिले नाहीत तर कामगार खात्याकडे अर्ज. संस्थेचं पहिलं उत्तर आलं, शाळेला ग्रॅच्युइटी लागूच नाही. 1997 ची अधिसूचना दाखवल्यावर दुसरं आलं: मावशीला पगार जून ते मार्चचा, एप्रिल-मे नाही, म्हणजे दरवर्षी सेवा खंडित.

हे दुसरं उत्तर वकिलानं लिहिलेलं होतं आणि त्यात दम होता. सलग सेवा मानली नाही तर वर्षात 240 दिवस काम दाखवावं लागतं. जून ते मार्चमधले रविवार, दसऱ्याची सुट्टी, सणवार काढले की आकडा काठावर येतो. पण शाळेच्या ऑफिसात काम केलेल्या कुणालाही विचारा, उन्हाळ्याची सुट्टी कुणाला असते? पोरांना आणि मास्तरांना. आपल्याला टीसी, नवे प्रवेश, पुस्तकांची मागणी, निकालाचे कागद. मावशी मे महिन्यात रोज होती. सिद्ध कसं करायचं?

हे सुचलं ते आमच्या खजिनदाराला. तो शेजारच्या गावातल्या कानडी हायस्कूलचा क्लार्क. मराठी बोलतो आपल्यासारखीच, फक्त वाक्याच्या शेवटी 'री' सुटत नाही. त्यानं कागद वाचले, चहा अर्धा ठेवला आणि विचारलं, "टपाल वही कुठं आहे री तुमची?"

टपाल वही माझ्याच कपाटात होती. दोन्ही विभागांची एकच, कारण बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला टपाल घेऊन जाणारी एकच, मावशी. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कोपरे उडालेले. तारीख, जावक नंबर, कुणाकडे, घेणाऱ्याची सही आणि बीईओ ऑफिसचा जांभळा गोल शिक्का. आणि एकदा एक पत्र वाटेत गहाळ झालं तेव्हापासून मी शेवटी एक रकाना हातानं आखून घेत आलो होतो: नेणाऱ्याची सही. सुरुवातीच्या पानांवर त्या रकान्यात अंगठा आहे. मग एक-एक अक्षर सुटं काढलेलं नाव. पुढे चालती सही. मे महिन्याची पानं सगळ्यात भरलेली, वर्षामागून वर्ष, शेजारी सरकारी शिक्का. याहून पक्का पुरावा वकिलालाही मिळाला नसता.

आता वही संस्थेची, मी संस्थेचा नोकर. पिशवीत घालून नेली असती तर चोरी झाली असती. खजिनदारानं वाट काढली. बीईओ ऑफिसच्या त्या-त्या मे महिन्यांच्या आवक नोंदी माहिती अधिकारात मागवल्या, आणि वही संस्थेनं हजर करावी असा अर्ज कामगार खात्यात दिला. दोन्ही अर्ज कानडीत, त्याच्या हातचे. तसं सरकारी कानडी मला सात जन्मात जमायचं नाही.

नोटीस आली तशी संचालकांनी मला बोलावलं. हे गृहस्थ दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत लावून पुढच्या रांगेत असतात. म्हणाले, वही सापडत नाही असं लिहून दे. मी म्हटलं, वही तिसऱ्या कप्प्यात आहे, किल्ली हेडमास्तरांकडे आहे. मग त्यांचा आवाज चढला. आपल्या संस्थेविरुद्ध, आपल्या माणसाविरुद्ध कानडीत अर्ज करालास? आणि मग तो शब्द आलाच, गद्दार.

तोच शब्द त्या गणपतीत भावानं, अण्णानं, घरी वापरला. अण्णा मराठी शाळेत मास्तर, महाराष्ट्र एकीकरण समितीचा जुना कार्यकर्ता. त्यानं पोरवयात लाठ्या खाल्ल्यात आणि त्याबद्दल मी त्याला मानतो. त्याचं म्हणणं असं: बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून आपण 1956 पासून भांडतोय, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, भाषिक अल्पसंख्याक जिथं 15 टक्के तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजेत हे केंद्रानं मान्य केलेलं आहे. आणि तुझी संघटना आपणहून कानडीत अर्ज करते? उद्या म्हणतील, बघा, मराठी लोकांची काही तक्रार नाही.

मुद्दा चुकीचा नाही. मराठी कागदाचा हक्क आहे आणि तो मागितला पाहिजे. मोर्चा काढा, निवेदन द्या, मी येतो. पण त्या लढाईत मावशीचे 45,000 गहाण ठेवायचा अधिकार अण्णाला कुणी दिला? मराठीत अर्ज दिला असता तर टेबलावरच्या माणसानं 'भाषांतर जोडा' म्हणून परत केला असता, आणि संस्थेला तेच हवं होतं. मी अण्णाला विचारलं, मावशीची ग्रॅच्युइटी कुणी बुडवली, कानडी माणसानं? त्यावर तो मोदकाचं ताट सरकवून उठला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून तुम्हाला सांगतो, कानडी शाळेतला स्टाफ घ्या. आधी त्यांनाच घ्या. पगार उशिरा झाला की "पगार आतेन्री?" असा फोन त्यांच्याकडून येतो आणि "पगार झाला का ओ?" असा आपल्याकडून. बिल एकाच ऑफिसात अडलेलं असतं. मराठी शाळेतल्या क्लार्कला मराठी संचालक अर्ध्या पगारावर राबवतो आणि वर अस्मितेची वर्गणी मागतो. हे बेळगावात उघड बोलायचं नसतं, मला माहीत आहे.

मावशीचं शेवटी काय झालं? सुनावणीच्या तारखेला संस्थेचा माणूस चेक घेऊन आला. 45,000. व्याज मागता आलं असतं. मी आणि खजिनदार मागा म्हणून मागे लागलो, पण नातू त्याच शाळेत, म्हणून तिनं नको म्हटलं. मला ते आजही पटलेलं नाही. संस्थेला आयतं सोडलं. तिची सही मात्र झोकात, चेकच्या पावतीवर रकान्याबाहेर गेलेली.

नोकरीवर गदा येईल ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण असणारच. मला उशिरा येण्याबद्दल मेमो मिळाला, तोही पावसाळ्यात, जांबोटीकडचा रस्ता बंद होता त्या आठवड्यातला. उत्तर लेखी दिलं, पोच घेतली. 1983 च्या कर्नाटक शिक्षण कायद्यानुसार चौकशीशिवाय काढता येत नाही, काढलंच तर 94 व्या कलमाखाली तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. शिक्षक आणि इतर कर्मचारी, दोघांनाही. विनाअनुदानितवाल्यांनाही हे चालतं, फक्त ते घाबरतात.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सगळ्या राज्यातल्या संघटना इथं येऊन तंबू ठोकतात. आपल्याला तिकिटाचाही खर्च नाही, तेव्हा जा. पण फार आशा धरू नका. आम्ही रिकाम्या जागा भरा म्हणून बसलो होतो. निवेदन घेतलं, फोटो झाला, जागा रिकाम्याच आहेत. माझ्या ऑफिसात मी एकटाच आहे अजून.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी वकील नाही. मावशीचं प्रकरण जुन्या कायद्याखाली झालं. नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा कलमं आणि फॉर्म कामगार खात्यात विचारूनच भरा. निपाणी-चिक्कोडीकडचे कुणी हे वाचत असतील तर त्यांचा डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक) चिक्कोडीला, बेळगावला खेटे घालू नका. आणि वर्षभरानंतर मी सेक्रेटरीपद सोडलं, कारण घरात आजारपण निघालं. संघटना आता खजिनदार चालवतो. सभासद पूर्वीइतके नाहीत, मराठी बाजूचे जास्त गळाले. त्यातले दोघे अण्णाच्या सांगण्यावरून. त्यांच्यातल्याच एकाचं इन्क्रिमेंट गेल्या महिन्यात अडलं, तर फोन त्यानं खजिनदारालाच केला.

वर्गणी महिन्याला घ्या, वर्षाची एकदम मागू नका, कुणी देत नाही. पावती द्या. अर्ज कानडीत लिहा, मागं मराठी प्रत जोडा आणि दोन्हीवर पोच मागा. मराठी प्रतीवर शिक्का मारायला टेबलावरचा माणूस कुरकुर करेल. तेवढं भांडण तिथल्या तिथं करा, त्यासाठी अण्णाची परवानगी लागत नाही.