प्रमेय सिद्ध झालं, तरी त्याचा व्यत्यास पुन्हा वेगळा का सिद्ध करायचा?

‘एकदा प्रमेय सिद्ध केलं, मग त्याचा व्यत्यास परत कशाला?’ असं तुमची नववीतली मुलगी विचारते, हे वाचून फार बरं वाटलं. तिला ‘परीक्षेत येतं म्हणून’ असं उत्तर कृपया देऊ नका.

हे विधान घ्या: जर चौकोन आयत असेल, तर त्याचे कर्ण एकरूप असतात. ‘जर’चा भाग पूर्वांग, ‘तर’चा उत्तरांग. सिद्धता लिहिताना पूर्वांग पक्षात (दिलेल्या माहितीत) जातं, उत्तरांग साध्यात (जे सिद्ध करायचं त्यात). आता अदलाबदल करा: जर कर्ण एकरूप असतील, तर चौकोन आयत असतो. हा झाला व्यत्यास, आणि तो चक्क खोटा आहे. तिला समद्विभुज समलंब चौकोन काढायला सांगा, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर आणि उरलेल्या दोन बाजू सारख्या. कर्ण सारखे, पण काटकोन एकही नाही. विधान खोटं पाडायला अशी एक आकृती पुरते. खरं ठरवायला मात्र शंभर आकृत्याही पुरत नाहीत, सिद्धताच लागते.

घराच्या पायाची आखणी करताना कर्ण मोजून बघतात, ते मग कसं चालतं? कारण समोरासमोरच्या बाजू आधीच सारख्या धरलेल्या असतात. म्हणजे चौकोन समांतरभुज आहे, ही जास्तीची अट पूर्वांगात आली. कोपऱ्याचा काटकोन ३, ४ आणि ५ फुटांनी तपासतात, तिथे कामाला येतो तो पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास: बाजू माहीत आहेत, काटकोन ठरवायचा आहे. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनेही आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात ही दोन वेगळी प्रमेयं म्हणून सिद्ध केली, पहिल्या खंडातलं ४७वं आणि ४८वं.

पण मला सगळ्यात भावतं ते समांतर रेषांचं उदाहरण. व्युत्क्रम कोन (दोन रेषांच्या मध्ये, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना होणारे कोन) एकरूप असतील तर रेषा समांतर असतात, हे युक्लिडने त्याच खंडातल्या २७व्या प्रमेयात पाचव्या गृहीतकाला, म्हणजे दोन रेषा केव्हा एकमेकींना छेदतात हे सांगणाऱ्या, सिद्धतेशिवाय मानलेल्या विधानाला, हात न लावता सिद्ध केलं. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन एकरूप असतात, हा व्यत्यास २९व्यात येतो, आणि तिथे ते गृहीतक पहिल्यांदा वापरावंच लागतं. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी ते गृहीतक नाकारून नवी भूमिती उभी केली. तिच्यात २७वं प्रमेय खरं राहतं, २९वं राहत नाही! व्यत्यास मूळ विधानातून आपोआप निघत असता, तर अशी भूमिती शक्यच नव्हती.

वेगळ्या सिद्धतेशिवाय मिळतं ते एवढंच: ‘कर्ण एकरूप नसतील, तर तो आयत नव्हे.’ उलटा क्रम आणि दोन्हीकडे नकार. हे मूळ विधानच आहे, फक्त दुसऱ्या बाजूने म्हटलेलं.

आज तिला एक विधान द्या: एकरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं समान असतात. व्यत्यास तिलाच लिहू द्या. मग ५, ५, ६ आणि ५, ५, ८ बाजूंच्या दोन त्रिकोणांची क्षेत्रफळं काढायला सांगा. दोन्हींचं उत्तर १२ येईल.